मिस्टरांची सही

गेल्या अंकात आम्ही दोन ओळींची चौकट टाकली होती: 'गर्भपाताच्या कायद्याबद्दल काही विचारायचं असेल तर लिहा.' चार-पाच पत्रं येतील असं वाटलं होतं, आली सदतीस. बहुतेकांवर नाव नाही. एक पाकीट तर कोल्हापुरात भाऊसिंगजी रोडवरच्या माझ्या ऑफिसच्या दाराखालून सरकवलेलं होतं, तिकीट न लावता. त्यातली पाच इथे घेते. बाकीच्यांनी राग धरू नये, पुष्कळांचा प्रश्न पहिल्या पत्रातलाच आहे.

कागल तालुक्यातून एक वाचक: वय ३३, दोन मुलं, धाकटा तीन वर्षांचा. तांबी बसवलेली असूनही दिवस राहिले. नववा आठवडा चालू आहे. दवाखान्यात म्हणाले, मिस्टरांची सही आणा, ते नसतील तर सासूबाईंची. मिस्टर ट्रकवर असतात, महिन्यातून एकदा येतात. सासूबाईंना कळलं तर घरात राहणं मुश्कील होईल. सही लागतेच का?

नाही लागत. तुमच्या मिस्टरांचीही नाही आणि सासूबाईंची तर कुठल्या जन्मी नाही. १९७१ च्या कायद्याच्या कलम ३ मधलं पोटकलम ४ बघा. बाई अठरा वर्षांच्या वरची असेल आणि मानसिक आजारी नसेल, तर फक्त तिची संमती पुरते. अठराच्या आतली मुलगी असेल तर पालकाची लागते. संमतीचा जो 'फॉर्म सी' आहे त्यात अमुकची मुलगी किंवा पत्नी असं लिहायला जागा आहे, पण सज्ञान बाईसाठी खाली सहीची रेघ एकच. ती तुमची.

आता हे मी इतक्या ठासून सांगते, तर माझंही ऐका.

१९९३ साल. माझी मुलगी दीड वर्षाची होती आणि मला दुसऱ्यांदा दिवस गेले. वकिली नुकती कुठं रुळायला लागली होती. नवरा काळम्मावाडीच्या कालव्याच्या कामावर, शनिवारी संध्याकाळी घरी यायचा. मी मंगळवारी एका नर्सिंग होममध्ये गेले. सिस्टरनं वजन घेतलं, रक्त घेतलं, फॉर्म पुढे केला आणि म्हणाली, "ताई, मिस्टरांना घेऊन या." मी विचारलं, कशाला? ती म्हणाली, "तशी पद्धत आहे." त्या आठवड्यात मी कोर्टात एका खावटीच्या दाव्यात उलटतपासणी घेत होते. समोरच्या माणसाला "कायद्यात असं कुठं लिहिलंय ते दाखवा" म्हणून चांगला घाम फोडला होता. आणि इथं? फॉर्म घडी करून पर्समध्ये टाकला आणि गपगुमान घरी आले. शनिवारपर्यंत थांबले. नवऱ्यानं फाटकात उभ्या जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून सही केली, वाचलंही नाही. "एवढंच ना?" म्हणाला. चांगला माणूस होता, त्याला त्यात काही वावगं वाटलं नाही. मला वाटलं, पण मीही बोलले नाही. कलम मला त्या दिवशीही पाठ होतं.

म्हणून "ठणकावून सांगा" असा सल्ला मी कुणाला सहज देत नाही. ज्याच्यासमोर उघड्या टेबलावर पाय वर घेऊन झोपायचं असतं त्याच माणसाशी वाद घालणं सोपं नसतं.

तरी करायचं काय? पहिलं, त्याच डॉक्टरबाईंना शांतपणे सांगून बघा की कायद्यात माझीच सही लागते, मी तसं लिहून द्यायला तयार आहे. बऱ्याचदा एवढ्यावर भागतं, कारण त्यांनाही ते माहीत असतं. नाही भागलं तर सीपीआरला, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात या. स्त्रीरोग विभागात केसपेपर काढा. नऊ आठवड्यांपर्यंत गोळ्यांनी होतं, त्यापुढे ज्याला आपल्याकडे क्युरेटिंग म्हणतात त्याची वेळ येते. मेडिकलमधून कुणाच्या तरी ओळखीनं गोळ्या आणून घरीच घेऊ नका. आपल्याकडचे बरेच मेडिकलवाले त्या गोळ्या ठेवायलाच घाबरतात, आणि जो मागच्या दारानं देतो तो रक्तस्राव झाल्यावर फोन उचलत नाही.

तांबी असून दिवस राहिले हे कारण कायद्यात बसतं. पूर्वी 'विवाहित स्त्री व तिचा पती' असे शब्द होते. २०२१ च्या दुरुस्तीनं तिथं 'स्त्री किंवा तिचा जोडीदार' झालं. म्हणजे बिनलग्नाच्या बाईलाही आता हेच कारण सांगता येतं. आणि तुमचं नाव बाहेर फोडणाऱ्याला त्याच दुरुस्तीनं एक वर्षापर्यंत कैदेची शिक्षा ठेवली आहे. सासूबाईंचं तुम्ही लिहिलंत म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

आता डॉक्टर सही का मागतात, तेही समजून घ्या. तो माणूस वाईट असतो असं नाही, घाबरलेला असतो. आपल्याकडे गर्भपात करवणं हा मुळात गुन्हा आहे. जुन्या दंडसंहितेचं कलम ३१२ होतं, आता भारतीय न्याय संहितेचं ८८ आहे. १९७१ चा कायदा त्या गुन्ह्यातून सूट देतो, तीही डॉक्टरला, अमुक अटी पाळल्या तर. बाईनं यायचं, कारण सांगायचं. ते पुरेसं आहे की नाही हे ठरवणार डॉक्टर. तिला मागण्याचा हक्क आहे असं त्या कायद्यात सरळ कुठं लिहिलेलं सापडत नाही. उद्या नवरा दहा माणसं घेऊन आला आणि काचा फोडल्या तर? म्हणून एक सही, दोन सह्या, आधार कार्डाची झेरॉक्स, जमल्यास पोलीस पाटलाचा दाखला! २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं नेमकं यावरच बोट ठेवलं. दिल्लीतल्या एका अविवाहित मुलीचा अर्ज होता. न्या. चंद्रचूड, न्या. बोपण्णा आणि न्या. पारडीवाला यांनी सांगितलं की घरच्यांची संमती, कागदोपत्री पुरावे, कोर्टाची परवानगी अशा कायद्यात नसलेल्या अटी डॉक्टरांनी घालू नयेत. विवाहित आणि अविवाहित असा भेद चालणार नाही. नवऱ्यानं जबरदस्ती केली असेल तर या कायद्यापुरता तोही बलात्कार धरायचा. निकाल दिल्लीत लागला. कागलच्या काउंटरवर तो अजून पोचायचा आहे.

इचलकरंजीहून एक गृहस्थ: बायकोनं मला न विचारता पोट पाडलं. नवऱ्याला काहीच हक्क नाही का? कोर्टात जाता येईल?

जाता येईल. आपल्याकडे कोर्टात कशासाठीही जाता येतं. पंजाबातल्या एका नवऱ्यानं बायको, तिचे घरचे आणि डॉक्टर यांच्यावर भरपाईचा दावा लावला होता. पंजाब-हरियाणा उच्च न्यायालयानं २०११ मध्ये तो फेटाळला आणि २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तेच कायम केलं. संमती लागते ती बायकोची, नवऱ्याची नाही.

मात्र अर्धी गोष्ट लपवणार नाही. २००७ च्या घटस्फोटाच्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयानं मानसिक क्रूरतेची उदाहरणं दिली आहेत, त्यात वैद्यकीय कारण नसताना नवऱ्याला न सांगता केलेला गर्भपातही आहे. तुमचा वकील ते उदाहरण नक्की काढेल. म्हणजे तोच कायदा दवाखान्यात बाईला सांगतो तुझं तू ठरव, आणि फॅमिली कोर्टात विचारतो त्याला का नाही विचारलंस. मला हे पटत नाही, पण आहे ते असं आहे.

तुम्ही पाच पानं लिहिलीत. त्यात तुमचं, तुमच्या आईचं, मेहुण्याचं सगळं आहे. तिनं का केलं असेल याची एक ओळ नाही. तिला विचारलंत का?

पन्हाळा तालुक्यातील एक निवृत्त शिक्षिका: मॅडम, आपल्याच जिल्ह्यात मुली गर्भात मारल्या गेल्या. मी माझ्या वर्गात पटावर मुली कमी होताना पाहिल्या आहेत. आणि तुम्ही गर्भपाताचा हक्क सांगता? हे कसं जुळवायचं?

बाई, तुमचं पत्र तीनदा वाचलं. तुमच्या अक्षरावरून पहिलीच्या पुस्त्या आठवल्या. टाळता येण्यासारखा प्रश्न नाही हा.

२००१ च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे ८३९ मुली होत्या. शाहू महाराजांचा जिल्हा म्हणून मिरवणाऱ्यांनी तो आकडा आरशासारखा समोर ठेवायला हवा होता. इथं उसाला पाणी होतं, हातात पैसा होता आणि गल्लोगल्ली सोनोग्राफी होती. पुढं याच कोल्हापुरात जिल्हाधिकारी लक्ष्मीकांत देशमुख यांनी सोनोग्राफी यंत्रांना 'सायलेंट ऑब्झर्व्हर' नावाचं उपकरण बसवायला लावलं, तपासणीची नोंद राहावी म्हणून. २०१७ च्या मार्चमध्ये शेजारच्या सांगली जिल्ह्यात म्हैसाळला ओढ्याजवळ एकोणीस भ्रूण पुरलेले सापडले. ते बाहेर आलं तेही एक बाई मेली म्हणून.

पण गुन्हा कुठं घडतो ते पाहू या. तो घडतो सोनोग्राफीच्या खोलीत, लिंग सांगितलं जातं त्या क्षणी. त्यासाठी वेगळा कायदा आहे, १९९४ चा. त्याआधी १९८८ मध्ये असा कायदा करणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य. १९९४ च्या कायद्यात पहिल्या गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद आहे, आणि बाईला नवऱ्यानं किंवा नातेवाइकांनी भाग पाडलं असंच कायदा आधी धरून चालतो. आता कागलची ती बाई घ्या. नववा आठवडा. तेव्हा सोनोग्राफीत मुलगा-मुलगी काही दिसतच नाही. तिला परत पाठवून पन्हाळ्यातली कुठली मुलगी वाचली?

झालं काय, तर भिंतीवर आपण सगळीकडे 'स्त्री-भ्रूणहत्या हे पाप आहे' असं रंगवलं. मीही त्या फेऱ्यांत चालले आहे, बिंदू चौकात फलक धरला आहे. त्या वाक्यातलं 'स्त्री' लोक विसरले, 'भ्रूणहत्या' आणि 'पाप' तेवढं डोक्यात राहिलं. आता पोरगी दवाखान्यात नुसतं "नको आहे" म्हणाली तरी आया तोंड फिरवते. गर्भपात केंद्रावर धाड पडते, रजिस्टर उचललं जातं, आणि पुढचे सहा महिने तो डॉक्टर सगळ्यांनाच नाही म्हणतो. गर्भलिंगनिदान करणारा मात्र गाडीत यंत्र घालून सीमाभागात फिरतच असतो. फलकावर 'गर्भलिंगनिदान' लिहायला हवं होतं. पण तो शब्द मोठा, घोषणेत बसत नाही.

तुमच्या पटावर कमी झालेल्या मुलींच्या आयांपैकी स्वतःच्या मर्जीनं टेबलावर चढलेल्या किती होत्या, हे तुम्हीच मला सांगा. तुम्हाला त्या नावानिशी माहीत असतील.

राजारामपुरीतून एक आई: मुलगी आणि जावई अमेरिकेत टेक्सासला आहेत. मुलीला तिसरा महिना आहे. तिथे म्हणे काही बिघडलं तरी डॉक्टर हात लावत नाहीत. तिला इकडे बोलावून घेऊ का? आणि तिथला निकाल आपल्याकडे लागू होईल का?

दुसऱ्याचं उत्तर आधी. नाही. तिथं १९७३ मध्ये त्यांच्या सर्वोच्च न्यायालयानं संविधानातून गर्भपाताचा हक्क शोधून काढला होता, आणि २४ जून २०२२ ला त्याच न्यायालयानं तो काढून घेतला. मग ज्या त्या राज्याचं राज्य सुरू झालं. पन्नास वर्षं तिथं निवडणुका, न्यायाधीशांच्या नेमणुका, सगळं या एका प्रश्नाभोवती फिरलं. आपल्याकडे हे कोर्टानं दिलेलं नाही, संसदेनं केलेला कायदा आहे. १९६४ मध्ये शांतिलाल शहा समिती बसली, ते आपल्या महाराष्ट्राचे आरोग्यमंत्री. चोरून केलेल्या गर्भपातांत बायका मरत होत्या हे एक कारण. दुसरं लोक हळू आवाजात सांगतात: लोकसंख्या. कुटुंबनियोजनाच्या लाल त्रिकोणाचे दिवस होते ते. एकही मोर्चा न काढता आपल्याला हा कायदा मिळाला, ही चांगली गोष्ट की वाईट हे माझं अजून ठरत नाही. भांडून मिळालेलं माणूस जपतो.

आता मुलीचं. टेक्सासचा कायदा कडक आहे. आईच्या जिवावर बेतलं तरच सूट, आणि चुकीच्या वेळी हात घातला तर डॉक्टरला जन्मठेपेपर्यंत शिक्षा आणि किमान एक लाख डॉलर दंड. जिवावर बेतलं म्हणजे नेमकं कधी, यावरच घोळ झाला. २०२५ मध्ये त्यांनी ही सूट जरा स्पष्ट करणारी दुरुस्ती केली. तुमच्या मुलीला आत्ताच उठवून आणायचं काही कारण मला दिसत नाही. बहुतेक बाळंतपणं सुखरूप होतात. पण तिनं तिच्या डॉक्टरला पहिल्याच भेटीत सरळ विचारावं: पाणी लवकर गेलं तर तुम्ही काय कराल, कुठल्या हॉस्पिटलात न्याल? आणि शेजारच्या कुठल्या राज्यात सोय आहे ते जावयानं बघून ठेवावं.

तुमचं पत्र वाचताना मला सविता हलप्पनवार आठवली. आपल्या बेळगावची पोरगी, दातांची डॉक्टर, वय ३१. आयर्लंडमध्ये गॉलवेला राहायची. सतरा आठवड्यांवर गर्भ पडायला लागला, वाचणार नाही हे कळलं होतं, तिनं स्वतः गर्भपात मागितला. पण गर्भाचे ठोके चालू होते आणि कायदा आडवा होता. विष अंगभर पसरून २८ ऑक्टोबर २०१२ ला ती गेली. त्या देशानं मग २५ मे २०१८ ला सार्वमत घेतलं आणि ६६.४ टक्के मतदारांनी गर्भपात अडवणारं घटनेतलं कलम काढून टाकलं. डब्लिनमध्ये भिंतीवर तिचा चेहरा रंगवलेला होता, लोक त्यावर चिठ्ठ्या चिकटवत होते. बेळगाव इथून दोन तासांवर, पण तिच्याबद्दल मी आपल्याकडे कुणाच्या भाषणात ऐकलेलं नाही.

आजऱ्याकडून एक शेतकरी: बायकोची पाचव्या महिन्याची सोनोग्राफी उशिरा झाली. बाळाच्या मेंदूची वाढ नाही असं निघालं. बावीस आठवडे पूर्ण झालेत. डॉक्टर म्हणतात वीसच्या वर आहे, हायकोर्टाची ऑर्डर आणा. वैनी, खर्च किती येईल?

हे पत्र अंकासाठी ठेवता येण्यासारखं नव्हतं. त्यात फोन नंबर होता, मी त्याच दुपारी लावला. सांगितलं की कोर्टाची ऑर्डर लागत नाही. २४ सप्टेंबर २०२१ पासून वीस ते चोवीस आठवड्यांत, गर्भात गंभीर व्यंग असेल तर दोन डॉक्टरांचं मत पुरतं. बलात्कारित स्त्री, अल्पवयीन मुलगी, मध्येच विधवा झालेली किंवा घटस्फोट झालेली, अपंग स्त्री, यांनाही तेच. वीसचा आकडा जुना. तो बदलायला किती वर्षं लागली ते आठवतं? २००८ मध्ये मुंबईच्या निकिता मेहता उच्च न्यायालयात गेल्या होत्या, गर्भाच्या हृदयात दोष होता, त्यांना नकार मिळाला. कायदा हलला तेरा वर्षांनी.

चोवीसच्या पुढं गेलं आणि मोठं व्यंग असेल तर वैद्यकीय मंडळाकडे अर्ज करायचा. मंडळानं तीन दिवसांत हो की नाही सांगायचं आणि होकार असेल तर पाच दिवसांत सगळं उरकायचं, असा नियम आहे. मंडळ नाही म्हणालं, किंवा कारण व्यंगाचं नसून दुसरंच असेल, तर मात्र कोर्ट. आणि तिथं काय होईल हे छातीवर हात ठेवून कुणी सांगू नये. जानेवारी २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं बत्तीस आठवड्यांच्या पुढं गेलेल्या बाईला परवानगी दिली, मंडळाचं मत विरोधात असताना, न्या. गौतम पटेल आणि न्या. डिगे म्हणाले की निर्णय तिचा. त्याच वर्षी ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयात सव्वीस आठवड्यांची एक बाई होती, दोन मुलं, बाळंतपणानंतरचा मानसिक आजार. ९ तारखेला हो म्हणाले, ११ ला दोन न्यायाधीशांची मतं फुटली, १६ ला तिघांनी मिळून नाही म्हटलं. त्या आठवडाभरात ती घरी कशी बसली असेल?

पूर्वी आपल्या माणसाला महालक्ष्मी एक्सप्रेसनं मुंबई गाठावी लागायची. वकील, मुक्काम, बोर्डावर नंबर लागेतो चार दिवस. १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच इथं बसतं, सहा जिल्ह्यांसाठी, तेही सीपीआरच्या समोरच्या जुन्या कोर्टाच्या इमारतीत. मंडळाचे डॉक्टर रस्त्याच्या एका बाजूला, न्यायमूर्ती दुसऱ्या. मध्ये रिक्षा, वडापवाले आणि उसाच्या रसाचा गाडा. चाळीस वर्षांहून जास्त आम्ही काळे कोट त्या बेंचसाठी रस्त्यावर बसलो, तेव्हा ही सोय कुणाच्याच मनात नव्हती.

आजऱ्याच्या त्या दोघांना रस्ता ओलांडावा लागला नाही. सीपीआरमध्ये दोन डॉक्टरांनी सोनोग्राफी पुन्हा केली, कागद केला, तिसऱ्या दिवशी झालं. मी दुपारी खाली गेले तर तो फाटकाशी उभा होता, हातात तिच्या चपला. आत नेऊ देत नव्हते म्हणाला. खर्चाचं पुन्हा विचारलं, मी चहा सांगितला. बायकोनं फॉर्मवर सही स्वतः केली, सावकाश, आडनावासकट. तो बघत होता.

पत्र पाठवणाऱ्यांना एक विनंती. नाव नसलं तरी चालेल, पण शेवटच्या पाळीची तारीख घाला. आठवडे त्या तारखेपासून मोजतात, दिवस राहिल्यापासून नाही. अंदाजे लिहिलंत की दोन आठवडे इकडे-तिकडे होतात. आणि वीसच्या पुढं असाल तर पत्र लिहीत बसू नका, सरळ ऑफिसला या. अकरा ते एक कोर्टात असते, त्यानंतर वर.